गुरुवारी पाणी बंद

अण्णा पर्वती जलकेंद्रात चावीवाले होते.
खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन
तेहेतीस वर्षं त्यांनी पेठांचं पाणी सोडलं, पेठांचं पाणी तोडलं.
वॉशर झिजलाय की आटे गेलेत, नळाच्या आवाजावरून सांगायचे.
त्यांच्याच लेकीचं हे असं,
आणि ते सगळ्यांना सांगता यावं, एक त्यांना सोडून.

निमिष चार किलोचा. चिमटा लावून काढला.
टाके भरले, शेक-शेगडी झाली, डिंकाचे लाडू संपले,
आणि एका सकाळी फोडणीत मिरची पडली,
मी शिंकले,
आणि उभ्या उभ्या घोट्यापर्यंत ऊन ओघळ.
आई म्हणाली, होतं गं.
कधीपर्यंत होतं, ते कुणी सांगेना.

मग माझं पुणं निराळंच झालं.
तुळशीबागेतलं कुठलं दुकान मागच्या बाजूला जाऊ देतं,
डेक्कनच्या स्वच्छतागृहाला किती वाजता कुलूप लागतं,
स्वारगेटसाठी सुट्टे कुठल्या कप्प्यात.
स्कूटीपुढे गतिरोधक आला की आधी मांड्या आवळायच्या, मग ब्रेक.
गावभर धरून ठेवलेलं
घराच्या कुलपात किल्ली फिरते न फिरते तोच सुटायचं.
चावीवाल्याची लेक!

रास्ता पेठ, दुसरा मजला, फिजिओ यास्मिन तांबोळी.
वेळ मिळाली ती गुरुवारची.
गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद,
त्यात त्या दिवशी महावितरणनंही वीज घालवलेली.
मग मशीन कसं चालणार, मी विचारलं, जरा आशेनंच.
तिनं झाकण सरकवून दाखवलं:
चौकोनी बॅटरी, नऊ व्होल्टची, काड्यापेटीपेक्षा जरा लहान.

पैंजण काढायला लावलं.
आतल्या घोट्यामागे एक चिकट पट्टी, दुसरी पाच बोटं वर.
मला वाटलं होतं, गळतं तिथेच हात घालणार.
ती म्हणाली, ही नस पार कमरेच्या तळाशी जाते,
मूत्राशयाला निरोप जातात तिथेच.
वरचं दार ऐकत नाही ना,
आपण खालून कडी वाजवू.

बटण फिरलं. आधी मुंग्या.
मग तळव्यात कढईतल्या साबुदाण्यासारखं तडतड.
मग अंगठा
आपला आपण
टुणकन वाकला.
"सापडली," यास्मिन म्हणाली,
आणि मला रात्रीचे दोन आठवले,
रस्त्यावर कांब टेकवून, कांबेला कान लावून बसलेले अण्णा:
सापडली. इथे खोदा.

अर्धा अर्धा तास, बारा गुरुवार.
घरी एक डायरी: किती वेळा, किती, कशानं.
घाई. शिंक. किल्ली. किल्ली. निमिषला उचलताना.
तीन गुरुवार ढिम्म फरक नाही, पैशांचा हिशेब डोक्यात.
सहाव्याला नऊचे सहा.
सातव्याला पुन्हा आठ, खोकला झाला होता.
नवव्याला चार.

नवव्या गुरुवारी सासूबाईंना ताप,
म्हणून निमिषला घेऊन अण्णा आले.
बाहेर बाकावर बसले. पडदा अर्धवट.
अंगठा उडताना त्यांनी पाहिला.
बाकावर बायकाच बायका, तेही पाहिलं.
बराच वेळ गप्प. मग माझ्याकडे पाठ करून,
भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितल्यासारखं:
"नवी लाइन टाकली की सांधे गळतातच वर्षभर.
लाइन वाईट नसते.
पण कुणीतरी कान लावून बघावं लागतं."

आणि नेमका तेव्हाच निमिष, लंगोटाविना,
त्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर
कारंज्यासारखा, बिनधास्त, खुशाल.
"अरे, गुरुवार आहे ना आज!" अण्णा ओरडले.
यास्मिन हसली.
बाकावरच्या दोघी हसल्या, बेतानं, पायावर पाय घट्ट टाकून.
मी हसले, वायर लागलेली,
अंगठा तालात उडतोय,
पाय पसरून, पोट धरून, दीड वर्षाचं साठलेलं.

डायरी, गुरुवार: एक. थेंबभर.
कशानं: हसू.